घोडीचा नकार

पोलादपूरच्या शाळेत शिकवणाऱ्या विनोदिनीबाईंना ती घोडी आंबेनळी घाटातल्या एका वळणावर सापडली. पर्यटकांना फिरवून फिरवून तिचा पुढचा पाय कामातून गेला होता, पाठीवर खोगिराच्या जखमा होत्या आणि मालक तिला तिथेच सोडून गेला होता. बाईंनी टेम्पो बोलावून तिला घरामागच्या मोकळ्या जागेत आणलं.

शेजारच्या म्हाताऱ्या ठकूबाई म्हणाल्या, "बाई, ही काय जगायची नाय. उगाच जीव लावू नका."

घोडी जगली. दोन महिन्यांत जखमा भरल्या. पाय मात्र कायमचा लंगडा राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण बाईंना खरं वाईट वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. थंडीत त्या तिच्या पाठीवर गोणपाट टाकायला गेल्या, की घोडी डोळे मिटून, मान खाली घालून ओझ्यासाठी उभी राहायची. आळीतली पोरं अंगाशी झोंबली तरी जागची हलायची नाही.

"किती गुणाची आहे!" लोक म्हणायचे.

"गुण नाही तो, भीती आहे," बाई म्हणायच्या.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी बाई दोरी घेऊन जवळ गेल्या, तर घोडीने कान मागे पाडले, मान झटकली आणि सरळ पाठ फिरवली. बाई दुसऱ्या बाजूने गेल्या. तिने पुन्हा पाठ फिरवली.

"मस्ती आली हाय तिला," ठकूबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या.

"येऊ दे, ठकूबाई, येऊ दे!" बाई म्हणाल्या, आणि शाळेला उशीर होतोय हे विसरून हसत तिथेच उभ्या राहिल्या.