होस्टेल काही आपलं घर नव्हे

१९८९चा मे महिना, रत्नागिरीत मांडवीचं आमचं घर. माझा धाकटा भाऊ मस्कतहून सुट्टीवर आला तो कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊनच… शेजारीपाजारी नवी नवरी बघावी तसे येऊन बघून जात होते.

कॉन्व्हेंटमध्ये मला शिकवायला असलेल्या सिस्टर तेव्हा मच्छीमारांच्या मुलींचं होस्टेल चालवत. माजी विद्यार्थिनींना पैशांची मदत मागणारी पत्रं गेली नाहीत, तर जूनमध्ये होस्टेल उघडणारच नव्हतं. टाइपरायटर मोडलेला, संधिवाताने सिस्टरांची बोटं सुजलेली… मीच म्हटलं, आमच्याकडे या, मी छापून देते.

आल्या. मी मशीन सुरू करतेय तोवर सिस्टरांनी सॉफ्टवेअरच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद काढून वाचायला घेतला! तो कागद जगात कोणीही वाचत नाही. त्यात लिहिलं होतं, हा प्रोग्रॅम फक्त घरगुती वापरासाठी आहे.

"होस्टेल काही तुझं घर नव्हे," असं म्हणून त्यांनी खुर्ची मागे सारली.

भाऊ हसला. "सिस्टर, रत्नागिरीत कोण येणार आहे बघायला?"

"म्हणजे कोणी येणार असतं तर तू थांबला असतास?"

तो प्रिंटरची वायर जोडायला लागला. मी मात्र सोडलं नाही! म्हटलं, "धर्माचं काम आहे. बाग कराराने घेतलेला माणूससुद्धा शेजाऱ्याला चार आंबे देतो."

"देतो ना. पण नवं कलम बांधायला झाडाची काडी कापायची तर मालकाला विचारतो. आपलं काम आंब्यातलं की काडीतलं, ते मालकालाच विचारूया गो."

मग त्या कंपनीच्या मुंबईतल्या डीलरला ट्रंक कॉल. तो गोंधळला. असला प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता… कंपनीला विचारून कळवतो, म्हणाला.

तोवर सिस्टर रोज येऊन, त्या कॉम्प्युटरच्या शेजारीच बसून, हाताने पत्रं लिहीत. मीही लिहीत होते, धुमसत. शेवटी बोललेच, "मुलींपेक्षा तुम्हाला तो कागद मोठा?"

"मग मुलींना काय शिकवू? काम चांगलं असलं की विचारायचं नसतं?"

मी पुढचा कागद ओढला आणि लिहायला लागले.

अखेर डीलरचा फोन आला. घरातल्या माणसाने, घरीच, पैसे न घेता केलेलं काम चालेल. प्रोग्रॅमच्या फ्लॉपीची कॉपी मात्र होस्टेलला द्यायची नाही.

मला वाटलं, सिस्टर गंभीरपणे मान हलवतील. छे! पेन टाकलं, टाळी वाजवली… "सुरू कर गो, सुरू कर!" प्रिंटर करकरायला लागला तशा वाकून कागद बाहेर येताना बघत राहिल्या, सुजलेली बोटं तोंडावर धरून हसत. घरात त्या मशीनची सगळ्यात जास्त हौस त्यांनाच होती. आणि इतके दिवस त्याच्या शेजारी बसून त्या हाताने लिहीत होत्या!

पत्रं वेळेत गेली. जूनमध्ये होस्टेल उघडलं.

हल्ली ग्रुपवर लोक चोरीच्या सॉफ्टवेअरच्या लिंका 'समाजकार्यासाठी' म्हणून बिनदिक्कत टाकतात, आणि माझं डोकं फिरतं… फिरू दे. ते फिरण्याइतकं शिकवलंत, सिस्टर, त्याबद्दल थँक यू.