हळद लावलेलं पिल्लू

लातुरात मी पक्षी ओळखणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. प्रसिद्धीचं कारण ज्ञान नाही, वेग आहे. कुणी पिल्लाचा फोटो पाठवला की दोन मिनिटांत मी नाव कळवतो. खरं तर सगळी पिल्लं मला निवृत्तीला आलेल्या हेडमास्तरांसारखी सारखीच दिसतात. पण जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या तोंडून "माहीत नाही" निघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात रेणापूरहून वहिनीनं फोटो पाठवला. वाऱ्यानं कडुलिंबाची फांदी मोडली आणि घरट्यातलं पिल्लू अंगणात पडलं. पिवळंधमक पिल्लू, चोच वहिनीच्या बोटाआड. मी ठोकून दिलं, होल्याचं आहे, कबुतराच्या जातीतलं, ज्वारी भिजवून चारा.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. काही खाईना, मान टाकतंय. ज्वारीच नीट भिजली नसेल, असं मी तिलाच सुनावलं. मग सहज रंगाचं विचारलं. रंग गेला म्हणाली, हळद होती. पंखाला खरचटलं होतं. आमच्याकडे खरचटलं की आधी हळद, मग चौकशी. तिचा हात सढळ, पिल्लू एवढंसं, सगळंच माखलं. फोटो त्यानंतरचा.

नवा फोटो मागवला. पांढरी लव, आकड्यासारखी चोच. शिक्रा! कोंबडीची पिल्लं उचलणारा शिकारी, आणि मी त्याला ज्वारीवर बसवलं होतं. लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण वहिनी माळकरी. तिच्या घरात अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नाही.

तरी सांगितलं, कच्चं मांस लागेल, आजच, नाहीतर जगणार नाही. ती म्हणाली, "भावजी, ह्या बारीला पक्कं हाय का? का हे बी ठोकूनच दिलाव?"

"चोच दिसतीय, वहिनी. बाकी मला काही येत नाही."

तिनं गळ्यातली माळ काढून देवळीत ठेवली, शेजारणीकडून कोंबडीचे बारीक तुकडे आणले, नाकाला पदर लावला आणि चिमट्यानं भरवलं. पिल्लानं खाल्लं. वर तिच्या बोटाला चावलं.

वनखात्याचा माणूस यायला तीन दिवस लागले. पिल्लू चांगलं ओरडत गेलं म्हणे. त्या संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, देवाला काय सांगितलं?

"त्येला काय सांगायचं? तशी चोच त्येनंच दिलीय."