वाटेकरी

दुपारनंतरच्या असर नमाजापासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत झोपू नये, असं म्हणतात. कमरुद्दीनही जन्मभर तेच म्हणत आला. पण बायको, जुलेखा, गेल्यापासून त्याला रात्री झोप नाही, आणि उन्हं उतरली की ओटीवरच्या बाकावर मान आपोआप खाली येते. आजही येते. बाहेर माडाच्या झावळ्या वाजतायत. मग तो आवाज घरातून यायला लागतो. तांदळाची भाकरी थापल्याचा.

तो आत जातो. जुलेखा परातीपुढे बसलीय, हात कोपरापर्यंत पिठाचे. चुलीत जाळ नाही, तरी तवा तापलेला आहे.

"दार उघडं टाकून झोपता," ती वर न बघता म्हणते. "मांजर शिरलं तर?"

"मांजरानं न्यावं असं काय उरलंय घरात?"

"ते दिसलंच. पिठाच्या डब्यावर बोटभर धूळ."

त्याला हसू येतं, तेवढ्यात पाय गार पडतात. खाली जमीन नाही, खाडीचं पाणी आहे, घोट्याएवढं. पाण्यात तिचा पलंग उभा आहे, मच्छरदाणीसकट, आणि तो तिच्या उशाशी बसलाय, त्या शेवटच्या दुपारसारखाच. त्या दुपारी तिनं अल्लाहच्या एकपणाचा कलमा स्पष्ट म्हटला होता. जमलेल्या सगळ्या बायांनी ऐकला. मग तिनं मान वळवून त्याला विचारलं, "जेवलात का?" आणि पुढे काहीच नाही.

"जुलेखा, एक विचारू?"

"विचारा. त्यासाठीच तर अवेळी झोपता."

"कलम्यानंतर तू बोललीस कशाला? ज्याचा शेवटचा शब्द कलमा, त्याला जन्नत, असं ऐकत आलो आपण. तुझा शेवटचा शब्द माझ्या जेवणाचा. अल्लाह एक, त्याला वाटेकरी नाही. आणि ऐन वेळी मी मध्ये आलो."

ती त्याच्याकडे वळते. तिच्या कानात कफनाच्या वेळचा, कापूर लावलेला कापूस आहे. तरी तिला ऐकू येतं.

"अवो, केवढे मोठे समजता स्वतःला! दोन भाकऱ्या खाणारा माणूस, तो अल्लाहचा वाटेकरी व्हायला निघाला!"

"थट्टा करू नको."

"थट्टा कसली? तुम्हाला माझ्या हाती दिलं कुणी? त्यानंच ना? अमानत परत करताना माणूस एकदा बघून घेतो, नीट आहे का म्हणून. मी तुम्हाला त्याच्यावर सोपवत होते. दुसरं आहे कोण सोपवायला?"

"तिथं तुला बरं आहे ना?"

पाणी गुडघ्याला लागतं.

"रोज येत जा," तो म्हणतो.

"ते माझ्याकडे मागू नका." तिचा आवाज एकदम कोरडा होतो. "कबरीवर हात ठेवून तेच मागत बसता. मला ऐकू येतं सगळं. देता काही येत नाही."

"मग मागू कुणाकडे?"

ती मच्छरदाणीतून हात काढते आणि त्याचा उजवा हात धरते. हात बर्फासारखा. त्याची बोटं ती एकेक करून मिटवते, अंगठाही. नमाजाच्या बैठकीत अल्लाह एक अशी साक्ष देताना ठेवतात तसं एकच बोट सरळ ठेवते.

"एवढंच," ती म्हणते. पलंग हलतो. पाणी पलंगाला खाडीच्या तोंडाकडे ओढत नेतं, आणि कमरुद्दीनला हाक मारता येत नाही.

तो जागा होतो तेव्हा मशिदीत मगरिबची अजान संपत आलीय. ला इलाहा इल्लल्लाह. उजवी मूठ मांडीवर मिटलेली, एक बोट उभं. त्या बोटाला पीठ लागलंय.

तो आत जाऊन बघतो. डब्याचं झाकण घट्ट आहे, वर तीच धूळ. जुलेखा गेल्यापासून तो कुणी उघडलेला नाही. बोट नाकाशी नेतो. तांदळाचं पीठ, आणि मागे थोडासा कापराचा वास.

नमाजाआधी हात-तोंड-पाय धुऊन वुजू करायला हवी. मगरिबला वेळ थोडा. तो परसात माडाखाली तांब्या घेऊन बसतो, बोट पाण्यापासून दूर धरून. आभाळातला तांबडा रंग उतरायला लागतो.

मग तो हातावर पाणी ओततो. पांढुरकं पाणी माडाच्या मुळाशी जातं, क्षणभर थांबतं, आणि मुरतं.