मोहाखालच्या साड्या

“गेट पे ताला लगाओ. महुआ खतम होने तक कोई अंदर नहीं आएगा,” आमचे साइट इन्चार्ज साहू सर म्हणाले. हे बाहेर मोहाची फुलं वेचायला आलेल्या बायकांना सांगायचं काम माझं.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर, घर खुर्सीपारच्या वस्तीत, कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. सरांपुढे मी फक्त ‘जी सर’ म्हणायचे. भिलाईबाहेरच्या माळावर एका संस्थेने झाडं लावली होती, तिथे माझं ट्रेनिंग होतं.

सरांना वाटणारी आगीची भीती खोटी नव्हती. रोपांसाठी आम्ही तारेचं कुंपण केलं. गुरं बाहेर राहिली, त्यामुळे गवत कमरेपर्यंत वाढलं आणि उन्हात वाळलं. कुंपणाच्या आत मोहाची काही जुनी झाडंही आली होती. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून बायका आधी पाचोळा जाळतात. ठिणगी गवतात गेली की रोपं संपली.

“पाना नइ जलाबो त महुआ कइसे दिखही, बेटी?” गेटवर त्यांच्यातल्या सुखमतीने विचारलं; तिला सगळे दाई, म्हणजे आई, म्हणत. पानं जाळली नाहीत तर फूल दिसणार कसं? मोहाची फुलं विकून तिचं वर्षाचं तेल-मीठ चालायचं.

घरी आईला सांगितलं. ती प्लांटच्या सेक्टर १० मधल्या क्वार्टरांत घरोघरी पोळ्या करते.

“मंग खाली जुनी साडी टाका न. फूल साडीवर पडते. जाळाले कावून लागते?”

“इतक्या साड्या कुठून आणू?”

“मी मागतो. तू बस शरमत.”

तिने त्या घरांतून जुन्या साड्यांची दोन गाठोडी जमवली. मी सरांकडे गेले. “सर, मोहाखाली साड्या अंथरू. आणि गवत याच बायकांना गुरांसाठी कापून नेऊ द्या.”

“आग लगी तो नौकरी मेरी जाएगी. तुम्हारी तो ट्रेनिंग है.”

मी तिथेच उभी राहिले.

“ठीक है. पहले तार के किनारे की घास.”

कुंपणालगत असा मोकळा पट्टा ठेवतात, आग तिथे अडावी म्हणून. त्याला फायर लाइन म्हणतात. बायकांनी गवत कापून ती काढली. मग साड्या मोहाखाली अंथरल्या; गाठोड्यातली एक जरीकाठी साडी मात्र दाईने काखेत मारली. “एला नइ बिछावँव, पहिरहूँ!” ही अंथरणार नाही, नेसणार!

काही दिवसांनी आग आली, पण रस्त्याकडून. पहाटे फुलं वेचताना बायकांनाच धूर दिसला. पट्ट्यावर आग मंदावली होती. हिरव्या फांद्यांनी झोडपून त्यांनी ती विझवली. कोपऱ्यातली रोपं गेली, बाकी सगळी वाचली.

मी पोचले तेव्हा त्या पुन्हा वेचायला बसल्या होत्या. मी दाईच्या पाया पडायला वाकले.

“फूल ला झन खूँद!” ती ओरडली. मी फुलांवरच पाय दिला होता.

सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. “ताला लगा होता तो...” एवढंच म्हणाले. माझं ऐकून घेतल्याबद्दल त्यांचे आभार मानायचे होते. तेव्हा जमलं नाही, म्हणून इथे मानते. आईचे आणि त्या बायकांचे तर कसे मानू?

आता कुठेही झाडं लावायचं ठरलं की मी एवढंच विचारते: इथलं गवत कोण नेणार?