तोंड मिटून

नाकातून हवा किती जाते ते मोजायला मास्क लावला, आणि तोंड मिटायचं सोडून मी माझ्या घोरण्याचा इतिहास सांगत बसलो. मशीनवरची रेघ उड्या मारू लागली.

"काका, आता नाकालाच बोलू द्या," नगरच्या दवाखान्यातले मोजणीवाले म्हणाले. दर हिवाळ्यात आमची गाठ पडते. ते समोर बसून स्वतःच संथ श्वास घेतात. आपला आपोआप त्यांच्यामागे चालू लागतो.

यंदा नाकातलं वाकडं हाड सरळ करायचं माझं ऑपरेशन ठरलं होतं. त्यांनी नाकात थेंब टाकून पुन्हा मोजलं, आणि थेट डॉक्टरांकडे गेले. "सर, थेंबांनी अडथळा उतरला. हाडापेक्षा सूजच लई हाय. आधी औषध देऊन बघायचं का?"

ऑपरेशन टळलं.

आत माझ्याशेजारीच बसलेली बायको बाहेर आल्यावर म्हणाली, "अहो, अर्धा तास तोंड मिटून बसलात! त्यांना एकदा घरी जेवायला बोलवा."