परवानगी त्यांच्या मोबाईलवर

माझं आरोग्य कार्ड निघालं ते मिस्टरांच्या मोबाईल नंबरावर. सासरी, वडगाव रासाईत शिबिर होतं आणि माझ्याकडं तेव्हा फोन नव्हता. आशाताई म्हणाली, "घरातला कुठलाबी नंबर चालतो." मी दिला.

लहानपणी मला फिट यायच्या. गोळ्यांनी त्या थांबल्या, पण लग्न जमवताना माहेरच्यांनी हे झाकलं. पुढंही शिरूरला माहेरी गेले की मी गोळ्या आणायचे, सासरी पित्ताच्या म्हणून घ्यायचे. तिथल्या दवाखान्यानं मधे माझी फाईल कॉम्प्युटरवर चढवून त्या कार्डाला जोडली.

तिसरा महिना लागला तसं सासूबाई मला दौंडला दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या बाहेर बाकड्यावर होत्या म्हणून डॉक्टरबाईंना मी खरं सांगितलं. गोळीचं नाव मात्र आठवेना.

"घाबरू नका, जुनी फाईल बघू. तुमच्या परवानगीशिवाय ती कुणालाच दिसत नाही, नियमच आहे तसा." त्यांनी कार्डाचा नंबर टाकून बटण दाबलं. "ओटीपी आला का?"

कार्डाला नंबर मिस्टरांचा, म्हणजे ओटीपी तिकडं गेला असणार. मिस्टर कुरकुंभला केमिकल कंपनीत. आत मोबाईल नेऊ देत नाहीत, पण त्या दिवशी त्यांची सेकंड शिफ्ट होती, अजून घरीच होते. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"अगं, कसला ओटीपी आलाय? तुझी फाईल बघायची परवानगी मागत्यात. शिरूरला कसली फाईल हाय तुझी?"

डॉक्टरबाई माझ्याकडं बघत होत्या. शेवटी म्हटलं, "अहो, आधी आकडे सांगा. बाळासाठी लागतायत. बाकी घरी आल्यावर सांगते."

त्यांनी एकेक आकडा सांगितला. डॉक्टरबाईंनी गोळी बदलून दिली, "मनानं बंद करू नका," म्हणाल्या. परतीच्या एसटीत सासूबाई काय बोलत होत्या, एक अक्षर कळलं नाही.

मिस्टर शिफ्ट बुडवून ओट्यावर बसले होते. सासूबाई आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी दाराकडं बघत विचारलं,

"आईला ठावं हाय?"

"न्हाई."

"सांगू नगंस."

रविवारी त्यांनी स्वतः मला नेऊन कार्डाला माझा नंबर लावून दिला. मुलगी धडधाकट झाली. त्या गोष्टीचं नाव त्यांनी परत काढलं नाही. तरी अजून, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून त्यांचा आवाज चढला, तरी मी आधी सासूबाई कुठं आहेत ते बघते. वाटतं, आता सासूबाईंच्या देखत ते बोलून जातील.