जानुबाईच्या पादुका उंबऱ्याबाहेर आल्या तो दिवस

मान खाली घालायची नाही, असं आगबोटीवर चढण्याआधी मोंबासाच्या डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं होतं. गोदीत काम करताना लोखंडाची कपची उजव्या डोळ्यात गेली, तिथल्याच इस्पितळात ऑपरेशन झालं आणि दिसायलाही लागलं. पण पंधरवड्यानं डोळा लालबुंद झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. जखम पुरती मिटलेली नाही, वाकलात किंवा ओझं उचललंत तर उकलेल आणि डोळा जाईल, एवढं सांगून त्यांनी थेंबांची बाटली दिली. डाव्या डोळ्यानं मला लहानपणापासून नुसत्या सावल्या दिसतात. चौथीत शाळा सोडलेला मी. हा डोळा गेला तर हमालीसुद्धा उरत नव्हती. दिसतंय तोवर आईचं तोंड बघून घ्यावं, म्हणून रजा काढून निघालो.

नसरापूरपर्यंत मोटार आणि पुढं पेंढा घातलेली बैलगाडी, असा ताठ बसून गुंजवण्याला पोचलो, तर आईनं गावच्या देवीला, जानुबाईला, नवस बोलून ठेवलेला. लेकाला दिसू दे, त्याचं डोकं आणून तुझ्या पायावर ठेवीन. आमच्या जानुबाईच्या गाभाऱ्याचं दार कमरेएवढं. पोरंसोरं सोडली तर दुमडल्याशिवाय कुणी आत जात नाही. डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "डागदराचं ऐकायचं का देवीचं, तूच ठरीव बाबा. माज्यानं न्हाई ठरवत." तीन दिवस मला अन्न गेलं नाही. शेवटी म्हटलं, जिनं डोळा दिला तिच्यापुढं वाकताना गेला तर गेला. त्याला मी तेव्हा श्रद्धा समजलो. ती धास्ती होती.

देवळापाशी एक धनगराची म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. डोळ्यावर हिरवं फडकं सोडलेला मी दाराकडं निघालेला बघून ती म्हणाली, "आरं, आसल्या डोळ्यानं कुठं घुसतुस?"

आईनं तिला सगळं सांगितलं. म्हातारी हसली. "शेळी याली की करडाला आमी म्हनतो व्हय, ऊठ बाबा, ये माज्या कडंवर? आमीच वाकून उचलतो की. ही तर आई हाय. तिला म्हनावं, ये भाइर."

गुरवकाका तडकले. "म्हातारे, तू आपली शेरडं राख. पालखीबिगर पादुका भाइर निघत न्हाईत."

"मग माज्यावर कशाला वरडतुस? तिलाच इचार की."

गुरवकाका पुटपुटत आत गेले आणि त्यांनी कौल लावला. देवीच्या अंगावर दोन ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार. मी बाहेर बसलो. डावं पडलं तर वाकून आत जायचं, हे मनाशी पक्कं केलेलं. बराच वेळ काहीच पडेना. शेळ्यांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. आणि मला जाणवलं, मी डोळासुद्धा मागत नाहीये. नुसता म्हणतोय, आई, तुला करायचं ते कर.

आतून आवाज आला, "उजवं पडलं."

काका त्या दारातून दुमडून बाहेर आले, पितळी पादुका छातीशी धरून. त्यांची वाकलेली पाठ मला फडक्याखालून दिसली. त्यांनी पादुका उचलून माझ्या कपाळाला टेकवल्या. गार होत्या. माझं डोकं पायांपर्यंत न्यायचं होतं. पायच डोक्यापर्यंत आले. आई एवढंच म्हणाली, "फिटला गं बाई नवस."

प्रसाद द्यायला वळलो तर म्हातारी शेळ्या घेऊन वर निघून गेलेली. पुढं मामानं वरच्या वाड्यांवर चौकशी केली, पण नेमकी कोण ते कुणाला सांगता आलं नाही. असेल कुणी, त्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ आहेत. तीन आठवडे उताणा पडून राहिलो. मग पुण्याच्या डॉक्टरांनी डोळा तपासला आणि म्हणाले, जखम मिटली. वाकला नाहीत हे बरं केलंत.

आता पुन्हा मोंबासात आहे. दिव्याभोवतीची कडी अजून कधीमधी दिसतात, पण हे मी माझ्या हातानं, माझ्या डोळ्यानं लिहितोय. गेल्याच महिन्यात इथल्या डॉक्टरांनी वाकायची मोकळीक दिली. खोलीवर येऊन मी पहिल्यांदा जमिनीला कपाळ टेकवलं, आणि डोळ्यांपुढं देवी आली नाही. त्या बुटक्या दारातून निघणारी गुरवकाकांची पाठ आली. माझ्या आधी कुणीतरी वाकलं होतं. म्हणून मला आज वाकता येतंय.